वेदना कोठे घडते : प्रस्तावना

शरीराला जेवढी इजा तेवढी वेदना, हा हिशेब इतका स्वाभाविक वाटतो की तो तपासून पाहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. बोट कापले की दुखते, खोल कापले की अधिक दुखते आणि जखम भरत आली की दुखणे ओसरते, हा रोजचा अनुभव त्याच हिशेबाच्या बाजूने साक्ष देतो. म्हणूनच एक्स-रे किंवा एमआरआयमध्ये काही न सापडलेल्या माणसाची कंबर वर्षानुवर्षे दुखत राहिली, तर त्याच्याकडे घरी आणि दवाखान्यातही काहीशा संशयाने पाहिले जाते. गेल्या साठ-सत्तर वर्षांतील संशोधनाने मात्र असे दाखवून दिले आहे की इजा आणि वेदना यांच्यामध्ये चेतासंस्था, म्हणजे मेंदू, पाठीच्या कण्यातून जाणारा मेरुरज्जू आणि शरीरभर पसरलेल्या चेता यांची मिळून बनलेली यंत्रणा, उभी असते आणि ती मधल्या मध्ये स्वस्थ बसत नाही. येणाऱ्या संदेशांना ती कधी वाढवते, कधी दाबते, आणि प्रसंगी इजेचा कोणताही संदेश आलेला नसताना वेदना घडवते. ही गोष्ट एकदा नीट समजली, की वेदनेविषयीचे अनेक जुने प्रश्न सुटतात आणि काही नवे, अधिक अवघड प्रश्न उभे राहतात.

इजेच्या प्रमाणात वेदना या कल्पनेचे सर्वांत प्रसिद्ध चित्र सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याने रेखाटले. मानवी शरीरावरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६२ साली लॅटिनमध्ये आणि १६६४ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आगीजवळ पाय गेलेल्या माणसाची आकृती आहे, आणि दोरीचे एक टोक ओढले की दुसऱ्या टोकाची घंटा वाजावी तशी पायातील चेता ओढली जाऊन मेंदूत वेदना उमटते, असे तिचे स्पष्टीकरण दिले आहे. हात कापून टाकल्यावरही बोटे दुखत असल्याचे सांगणाऱ्या मुलीची हकीकत देकार्तला ठाऊक होती आणि त्याने ती नोंदवलीही आहे. परंतु उरलेल्या चेतेची दोरी हलत असावी, एवढे म्हणून त्याने ती आपल्या चौकटीत बसवून टाकली. त्याच्यानंतरच्या तीनशे वर्षांच्या वैद्यकाने साधारण हेच केले. चौकटीत न बसणारे रुग्ण दिसत होते, परंतु दोष चौकटीचा नसून रुग्णाचा आहे असे मानणे अधिक सोयीचे होते.

दोरीचे पहिले टोक, म्हणजे त्वचा, स्नायू, सांधे आणि आतडी यांत पसरलेली चेतातंतूंची उघडी टोके, यांपासून विषयाची सुरुवात करणे योग्य ठरेल. या टोकांना वेदना ठाऊक नसते. अपाय होत आहे किंवा होऊ शकतो एवढीच वार्ता ती विद्युत-स्पंदांच्या रूपाने पुढे धाडतात. इंग्लिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी या क्रियेला ‘नॉसिसेप्शन’ असे वेगळे नाव दिले. येथे तिला अपायसंवेदन म्हटले आहे. अपायसंवेदन आणि वेदना या दोन निरनिराळ्या घटना आहेत, हा भेद या विषयाचा पाया आहे. अपायाची वार्ता मुख्यतः दोन प्रकारच्या तंतूंतून जाते. मायलिन या स्निग्ध द्रव्याचे पातळ वेष्टन असलेले ए-डेल्टा तंतू ती सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर वेगाने नेतात, तर वेष्टन नसलेले सी तंतू फार तर २ मीटरच्या आसपास. पायाचा अंगठा उंबऱ्याला ठेचला की आधी एक तीक्ष्ण कळ येते आणि क्षणभराने मंद, पसरट, अधिक असह्य ठणका सुरू होतो, तो या वेगांतील फरकामुळे.

ही टोके अपाय ओळखतात कशी, याचा उलगडा बराच उशिरा झाला, आणि तो मिरचीच्या साहाय्याने झाला. मिरचीतील तिखट द्रव्य कॅप्सायसिन चेतापेशीच्या कोणत्या ग्राहीवर, म्हणजे बाहेरचा संकेत पकडणाऱ्या प्रथिनावर, काम करते याचा शोध घेताना सॅन फ्रान्सिस्को येथील डेव्हिड ज्यूलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९७ साली टीआरपीव्ही-१ हा ग्राही सापडला; तोच ग्राही सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही उघडतो, आणि म्हणून तिखटाने तोंड नुसते झोंबत नाही, तर भाजते. या शोधासाठी ज्यूलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक आर्डेम पटापूटियन यांच्यासह विभागून मिळाले. पक्ष्यांमधील याच ग्राहीवर कॅप्सायसिनचा परिणाम होत नाही, त्यामुळे पिंजऱ्यातल्या पोपटाला हिरवी मिरची खुशाल खाता येते. त्यात त्याचे धैर्य काही नसते.

या ग्राहीचा उंबरठा कायमचा ठरलेला नसतो, हे त्याहून महत्त्वाचे आहे. ऊतींना, म्हणजे समान पेशींच्या समूहांना, इजा झाली की तेथे प्रोस्टाग्लॅंडिनसारखी द्रव्ये तयार होतात आणि आसपासच्या चेताटोकांना अधिक चेतनक्षम करतात, त्यामुळे उन्हाने पोळलेल्या पाठीवर कोमट पाणीही कढत वाटते. अ‍ॅस्पिरिन ही द्रव्ये तयार होण्याच्या आड येते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. म्हणजे यंत्रणेच्या अगदी पहिल्याच पायरीवर इजा आणि संदेश यांचे प्रमाण सुटलेले असते, आणि तेही शरीराच्या हितासाठी. दुखावलेला भाग हळवा झाला की माणूस तो जपतो आणि तो बरा होण्यास अवकाश मिळतो.

अपायाची वार्ता त्वचेतून निघून मेरुरज्जूच्या मागच्या बाजूस असलेल्या करड्या द्रव्यात पोहोचते. तेथे तालुक्याच्या कचेरीत अर्जाचे जे होते तेच तिचे होते: ती जशीच्या तशी पुढे जात नाही, तिच्यावर शेरा पडतो, काही वार्ता तेथेच थांबतात आणि काही तातडीच्या म्हणून पुढे सरकवल्या जातात. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक आणि ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेल्या ‘गेट कंट्रोल’ अथवा द्वार-नियंत्रण सिद्धान्ताचा गाभा हाच होता. स्पर्श वाहून नेणारे जाड तंतू मेरुरज्जूतील काही निरोधक चेतापेशींना जागे करतात आणि त्या पेशी अपायाच्या वार्तेचे दार अंशतः लोटून घेतात; शिवाय मेंदूकडून खाली येणारे संदेशही हे दार उघडू किंवा मिटू शकतात. ठेच लागलेली जागा हात आपोआप चोळू लागतो, या सवयीला पहिल्यांदाच शास्त्रीय अर्थ मिळाला. मेलझॅक-वॉल यांनी काढलेल्या आकृतीतील तपशील पुढे बरेच चुकीचे ठरले, परंतु त्यामुळे सिद्धान्ताचे मोल कमी होत नाही. वेदना मार्गावरच घडवली जाते असे सुचवून त्यांनी प्रश्नाचा रोख बदलला, आणि त्यानंतरचे जवळजवळ सर्व संशोधन त्या बदललेल्या रोखाने झाले.

द्वार मिटते हे जितके खरे, तितकेच ते उघडे राहून जाते हेही खरे आहे, आणि दीर्घकालीन वेदनेच्या दृष्टीने हाच भाग अधिक विचार करण्याजोगा आहे. लंडनमध्ये काम करणाऱ्या क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवले, की पायाला इजा झाल्यावर केवळ तेथील चेताटोकेच नव्हे, तर मेरुरज्जूतील चेतापेशीही अधिक उत्तेजनक्षम होतात. या अवस्थेला केंद्रीय संवेदीकरण म्हणतात. या अवस्थेत मूळचा संदेश तेवढाच असला तरी त्याला मिळणारा प्रतिसाद कितीतरी मोठा असतो. थोडे दुखणारे फार दुखते, कपड्याच्या घासण्यासारखा निरुपद्रवी स्पर्शही दुखू लागतो, आणि दुखण्याची सीमा इजेच्या जागेपलीकडे पसरते. दोन चेतापेशींमधील सांध्यात, ज्याला अनुबंध म्हणतात, वारंवारच्या वापराने जे बदल होऊन माणूस नवे काही शिकतो, त्यांच्याशी या बदलांचे जवळचे नाते आहे. दोन्हींत एनएमडीए नावाच्या ग्राहीचा वाटा असतो. म्हणून चेतासंस्था वेदना ‘शिकते’ असे म्हणणे अलंकारिक असले तरी निराधार नाही. मात्र ही संकल्पना अलीकडे इतकी सैलपणे वापरली जाते, की कारण न सापडलेल्या प्रत्येक दुखण्यावर तिचा शिक्का मारला जातो. विशिष्ट रुग्णाच्या मेरुरज्जूत हे बदल झाले आहेत का, हे थेट मोजण्याचे नित्याच्या वापरातील साधन वैद्याच्या हाती नसते. तो लक्षणांवरून अंदाज बांधतो, आणि अंदाज हा अंदाजच मानला पाहिजे.

मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचे सामर्थ्य किती असते, याचा पुरावा प्रयोगशाळेआधी रणांगणावर मिळाला. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर काम केलेले अमेरिकी भूलतज्ज्ञ हेन्री बीचर यांनी १९४६ साली लिहिले, की गंभीर जखमी सैनिकांपैकी सुमारे तीनचतुर्थांश सैनिकांनी, विचारल्यावरही, वेदनाशामक औषध नको असे सांगितले होते. पुढे शांततेच्या काळात शस्त्रक्रिया झालेल्या नागरिकांशी तुलना करता, लहान जखमा असूनही बहुसंख्य नागरिकांना औषध हवे होते. सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे मृत्यूच्या तोंडातून जिवंत घरी परतण्याची संधी होती, नागरिकाच्या दृष्टीने ती संकटाची सुरुवात होती, असे स्पष्टीकरण बीचर यांनी दिले. ते अपुरे आहे, कारण युद्धाच्या धुमश्चक्रीतील ताण स्वतःच वेदना दाबतो. तरीही जखमेचा अर्थ वेदनेच्या मापात शिरतो, हे निरीक्षण टिकून राहिले. मेंदूच्या मध्यभागातील एका लहानशा करड्या पट्ट्याला विद्युत-चेतना दिली असता भुलीशिवाय उंदरांवर शस्त्रक्रिया करता येते, हे १९६९ साली दिसून आले. अफूसारख्या द्रव्यांचे ग्राही १९७३ साली मेंदूत सापडले, आणि १९७५ साली अ‍ॅबर्डीन येथील जॉन ह्यूझ व हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून शरीराचीच अफू म्हणावी अशी एन्केफॅलिन ही द्रव्ये वेगळी केली. तीन वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत दाढ काढलेल्या रुग्णांवरील चाचणीत आणखी एक धागा जुळला. औषध म्हणून निष्क्रिय द्रव्य दिले तरी काही रुग्णांचे दुखणे कमी होत होते, परंतु अफूचा परिणाम रोखणारे नॅलॉक्सोन दिल्यावर हा लाभ नाहीसा होत होता. औषध मिळाले या विश्वासाने होणारा आराम भ्रम नसून रसायन आहे, असे म्हणण्यास यामुळे आधार मिळाला.

अर्थ वेदना जशी शमवतो तशी ती निर्माणही करू शकतो. १९९५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका बांधकाम मजुराची नोंद छापून आली: त्याने पंधरा सेंटिमीटर लांबीच्या खिळ्यावर उडी मारली, खिळा बुटातून आरपार गेला, त्याला इतकी वेदना होत होती की खिळा जरासा हलवणेही अशक्य झाले आणि त्याला गुंगीचे औषध द्यावे लागले, बूट काढल्यावर दिसले, की खिळा दोन बोटांच्या फटीतून गेला होता आणि पायाला ओरखडाही नव्हता. एका प्रकरणावरून सिद्धान्त उभा राहत नाही, पण तो मजूर ढोंग करत होता असे म्हणण्यासही जागा उरत नाही.

मेंदूत वेदनेचे एखादे स्वतंत्र केंद्र शोधण्याचे प्रयत्न फसले. थॅलॅमस, संवेदनेचे बाह्यक, इन्सुला, भावनेशी व निर्णयाशी निगडित भाग अशी अनेक क्षेत्रे एकाच वेळी कामाला लागतात. कोठे दुखते, कसे दुखते, त्याचा किती त्रास वाटतो आणि आता काय करावे, ही उत्तरे वेगवेगळ्या जागी तयार होतात. इन्सुलाला इजा झालेले काही रुग्ण टोचल्याचे नेमके सांगतात, परंतु त्यांना त्याचे काहीच वाटत नाही. छिन्न अवयवांचा अनुभव याच्या उलट टोकाचा आहे. अमेरिकी यादवी युद्धातील जखमींवर उपचार करणाऱ्या सायलस वीअर मिचेल यांनी १८७१ साली ज्याला ‘फँटम लिंब’ म्हटले, त्या नसलेल्या अवयवात आग, ओढ आणि मुरडल्यासारखी वेदना होते. शरीराचा मेंदूतील नकाशा शरीर कापले गेल्यानंतरही पुसला जात नाही. आरशात निरोगी हाताचे प्रतिबिंब दाखवून ही वेदना शमवण्याचा विलयनूर रामचंद्रन यांचा १९९०च्या दशकातील प्रयोग फार गाजला. पुढच्या चाचण्यांत त्याचा लाभ सर्वांना सारखा झालेला दिसत नाही, परंतु त्याने उपस्थित केलेला प्रश्न खरा आहे.

वेदना नसणे हे भाग्य नव्हे, याचा दाखला उत्तर पाकिस्तानातील काही कुटुंबांनी दिला. तेथील एक मुलगा रस्त्यावर खेळ करताना दंडात सुरे खुपसून घेई आणि निखाऱ्यांवर चाले. चौदावा वाढदिवस पाहण्याआधीच छपरावरून उडी मारून तो मरण पावला. २००६ साली या कुटुंबांतील दोष एससीएन-९-ए या जनुकात असल्याचे आढळले. चेतापेशीत सोडियमचे कण आत घेणारा एक मार्ग त्यामुळे बंद पडलेला होता. भारताला या गोष्टीची ओळख कुष्ठरोगाने फार पूर्वी करून दिलेली आहे. कुष्ठरोगाचे जंतू चेतांवर हल्ला करतात आणि स्पर्श व वेदना नाहीशा होतात. रोगाने बोटे झडतात अशी समजूत सर्वत्र असताना वेल्लोर येथे काम करणारे शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की भाजल्याचे, चिरल्याचे, बुटातल्या खड्याचे भान न राहिल्याने झालेल्या आणि दुर्लक्षित राहिलेल्या जखमाच बहुतांशी बोटे घालवतात. वरोऱ्याच्या आनंदवनासारख्या कुष्ठरुग्णांच्या वसाहती असलेल्या महाराष्ट्राला हे विशेष सांगावे लागू नये. परंतु आज हाच प्रसंग मधुमेहाने बधिर झालेल्या लक्षावधी पावलांवर येत आहे, आणि तेथे रोज रात्री तळपाय डोळ्यांनी तपासणे हेच गेलेल्या वेदनेचे काम करते.

हे सारे एकत्र पाहिले की कंबरदुखीच्या रुग्णाच्या हातातील एमआरआयचा कागद वेगळा दिसू लागतो. कंबर मुळीच दुखत नसलेल्या सुमारे तीन हजार लोकांच्या तपासण्यांचा २०१५ साली एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा विशीतील ३७ टक्के आणि ऐंशीतील ९६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील चकत्यांची झीज आढळली. ‘मणक्यात गॅप आहे’ हे वाक्य ऐकून आयुष्यभर वाकण्याचे सोडलेल्या माणसांच्या दृष्टीने हे आकडे फार मोलाचे आहेत, कारण भीतीने शरीर आखडते, हालचाल कमी होते आणि हळवी झालेली चेतासंस्था अधिक हळवी होते. गाठ, जंतुसंसर्ग, अस्थिभंग, पायातील शक्ती जाणे किंवा लघवीवरील ताबा सुटणे अशा धोक्याच्या खुणा वगळल्या, तर अशा रुग्णास सावकाश वाढवत नेलेली हालचाल आणि दुखण्याचे सरळ स्पष्टीकरण यांचा जेवढा उपयोग होतो, तेवढा पुढच्या तपासणीचा होत नाही.

याच ज्ञानाचा गैरवापरही होतो, आणि तो जुन्या चुकीइतकाच घातक आहे. वेदना मेंदूत घडते म्हणजे ती मनाचा खेळ आहे, असा अर्थ काढून अनेक रुग्णांची, विशेषतः स्त्रियांची, बोळवण केली जाते. वस्तुतः ठेचेची वेदनाही मेंदूतच घडते. तेवढ्याने ती खोटी होत नसेल, तर स्कॅनवर न दिसणारी वेदनाही खोटी ठरत नाही. जे सांगू शकत नाहीत त्यांच्या बाबतीत ही हेळसांड कोठवर गेली होती, हे पाहिले की अंगावर काटा येतो. नवजात बालकांना वेदना कळत नाही अशा समजुतीने १९८०च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी त्यांच्यावर अत्यल्प भूल देऊन शस्त्रक्रिया होत असत. ऑक्सफर्ड येथे काम करणारे भारतीय वंशाचे वैद्य के. जे. एस. आनंद आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली दाखवून दिले, की अपुऱ्या दिवसांच्या बालकांना फेंटॅनिल हे वेदनाशामक दिल्यास शस्त्रक्रियेचा शरीरावरील ताण घटतो आणि गुंतागुंतही कमी होते. वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली १९७९ची व्याख्या सुधारताना म्हणूनच तीन गोष्टी नमूद केल्या: अपायसंवेदन आणि वेदना एक नव्हेत, माणसाने सांगितलेल्या वेदनेचा मान राखला पाहिजे, आणि बोलता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे. त्याआधी २०१७ साली तिने, ऊतींच्या इजेची वेदना आणि चेतांच्या इजेची वेदना या दोन वर्गांखेरीज, ‘नॉसिप्लास्टिक’ हा तिसरा वर्ग मान्य केला होता, ज्यात ऊतींची किंवा चेतांची इजा दिसत नाही, पण अपायसंवेदनाची यंत्रणा बदललेली असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात दीर्घकालीन प्राथमिक वेदना हा स्वतंत्र आजार म्हणून नोंदला जातो.

अशी नावे पाठ्यपुस्तकात शिरली, तरी उपचारांची वाटणी अजून विषमच आहे. अफूजन्य औषधे ज्या ग्राहींवर काम करतात त्यांचा शोध लागून पन्नास वर्षे झाली. एवढ्या काळात अमेरिकेत ती साध्या दीर्घकालीन कंबरदुखीसाठी सढळ हाताने लिहिली गेली आणि व्यसन व मृत्यू यांची साथ पसरली, तर अफू पिकवणाऱ्या भारतात १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांनाही मॉर्फिन दुर्मीळ झाले. मुंबईत १९८६ साली सुरू झालेल्या ‘शांती आवेदना सदन’सारख्या संस्थांनी या काळात अशा रुग्णांची सेवा केली, आणि कायद्यातील वैद्यकीय वापराच्या आडकाठ्या कमी करणारी दुरुस्ती व्हायला २०१४ साल उजाडले. दोन्ही देशांत चूक एकाच अज्ञानातून झाली, वेदनेचा प्रकार न ओळखता औषधाविषयी निर्णय घेण्याच्या. कारण वाढत्या गाठीमुळे सतत येणाऱ्या अपायाच्या वार्तेवर मॉर्फिन जे काम करते, ते हळव्या झालेल्या मेरुरज्जूवर करत नाही, उलट दीर्घ वापराने काही रुग्णांत ते हळवेपण वाढवते. म्हणून पुढील प्रकरणांची मांडणी औषधांच्या क्रमाने न करता वेदनेच्या घडणीच्या क्रमाने केलेली आहे, आणि प्रत्येक उपचाराची चर्चा तो चेतासंस्थेच्या ज्या पायरीवर काम करतो त्या पायरीच्या प्रकरणातच येते.